पंधरवडाभर खिशात

गल्लीच्या तोंडाशी, पावाच्या दुकानाला लागून, आत्याचं कात्र्या-चाकूंचं दुकान होतं. ती सगळ्या गल्लीची आत्या. मुळात ती एकाच मुलाची आत्या, तिच्या दादाच्या मुलाची; पण हा मुलगा शाळा सुटली की दुकानात येऊन काउंटरवर चढून बसायचा आणि गिऱ्हाइकांदेखत "आत्या, आत्या" करून तिला भंडावून सोडायचा. ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही तसंच म्हणू लागली. पुढे तो शिकला, नोकरीला लागला, दुसऱ्या शहरात गेला. नाव मात्र दुकानातच राहिलं.

दुकान तिच्या नवऱ्याचं. माणूस मनाने मोठा, पण त्याच्या लेखी दुकानातली प्रत्येक वस्तू "एक नंबर" असायची. बोथट कात्रीही एक नंबर, आणि ती परत घेऊन आलेलं गिऱ्हाईकही एक नंबर. तो गेल्यावर आत्या पहिल्यांदा काउंटरमागे उभी राहिली, तेव्हा सार्वजनिक बागेतला माळी आला आणि खिशात ठेवायचा घडीचा चाकू मागू लागला. तिने पाच-सहा चाकू पुढे मांडले.

"यातला कुठला घेऊ?" माळ्याने विचारलं.

आत्याने चाकूंकडे पाहिलं, माळ्याकडे पाहिलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "पंधरवड्याने या."

माळी हसत निघून गेला. आत्याने त्यातला एक चाकू उचलून ॲप्रनच्या खिशात टाकला आणि पंधरवडाभर वापरला. माळी खरंच परत आला, तेव्हा तिने सांगितलं, "हा घेऊ नका. बंद होताना बोट चावतो." तेव्हापासून दुकानाचा तो कायदाच होऊन गेला. नवा चाकू आला, मग तो कुठल्याही देशाचा असो, की आधी पंधरवडाभर आत्याच्या खिशात. मगच शोकेसमध्ये.

तिची परीक्षा पुस्तकी नव्हती. कागद उभा धरून त्याच्या चिंध्या करायच्या, हातावरचे केस भादरून दाखवायचे, असले जादूचे प्रयोग ती करत नसे. "रोज उठून कागद कोण कापतं?" असं तिचं म्हणणं. दिवसभरात जे पुढे येईल ते चाकूने कापायचं. खोक्यावरची चिकटपट्टी, सुतळी, पेन्सिलीचं टोक, दुपारचं सफरचंद, शेजारच्या भट्टीतून आलेल्या पावाची कडक पाठ. ओल्या हाताने उघडतो का, नख मोडतो का, स्टुलावर बसलं की मांडीला टोचतो का, हेही ओघाने कळायचं. टोमॅटो मात्र सर्वांत शेवटी. पिकल्या टोमॅटोपुढे भल्याभल्यांचं पितळ उघडं पडतं.

पंधरवडा संपला की पुठ्ठ्याच्या तुकड्यावर निकाल लिहून ती तो चाकूखाली ठेवायची, आणि हा निकाल नात्यागोत्यात असायचा. माणसांच्या स्वभावाला जेवढे शब्द आहेत तेवढे पोलादाला नाहीत, म्हणून असेल. स्वित्झर्लंडचा तो लाल चाकू, ज्याच्या पोटात कात्री, पेचकस आणि बाटली उघडायचं असा सगळा संसार असतो, त्याच्याखाली लिहिलं होतं: "थोरली वहिनी. सगळं येतं. एका वेळी एकच काम सांगावं." जपानच्या चाकूखाली: "व्याही. फार धारदार, मानपानही फार. पुसून ठेवला नाही तर एका रात्रीत तोंड काळं." फ्रान्सचा एक लाकडी मुठीचा होता, दिसायला साधा, देखणा, पण पाणी लागलं की लाकूड फुगायचं आणि पातं आत अडकून बसायचं. त्याला "रुसका भाचा, कोरडं ठेवलं की माणसात येतो" असं प्रशस्तिपत्रक मिळालं होतं. स्पेनचा उघडताना कड्-कड्-कड् असा आवाज करायचा. "आतेभाऊ. येण्याआधीच आल्याचं कळतं." जर्मनीचा सासऱ्यांच्या जागी होता: खिशाला ओढ देणारा, पण शब्दाचा पक्का. आणि एका चकचकीत चाकूवर ना देशाचं नाव होतं, ना करणाऱ्याचं. त्याच्याखाली फक्त "जावई" एवढंच लिहिलं होतं. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

लोक दुकानात येऊन "आत्या, एक सासरे द्या" असं मागत. कोणाला हसू येत नसे.

दादा तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. सगळा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये गेला, फिटर म्हणून. निवृत्त झाल्यावर त्याने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ आणून बसवला, आणि वहिनी गेल्यापासून तर तो शेडमध्येच असायचा. रात्रीचं जेवण तेवढं बहिणीकडे. दोघांच्या घरांत एकाच गल्लीचं अंतर. जेवताना शब्दकोडं सोडवायचं आणि त्यावरून भांडायचं, हा नेम. दादा कोडं पेनाने भरायचा, चुकीचं भरायचा, आणि वर "छापणाऱ्याची चूक आहे" म्हणायचा. त्याच्याशी भांडल्याशिवाय आत्याला जेवण पचत नसे.

मुलगा वरचेवर फोन करायचा. "बाबा, आता एकटे राहू नका, इकडे या." दादाचं उत्तर ठरलेलं: "एक चांगला खिशातला चाकू करतो, मग येतो." हे उत्तर वर्षभर चाललं. दादा चाकू करायचा, स्वतःच नाक मुरडायचा आणि भंगाराच्या डब्यात टाकायचा. डबा भरत आला होता.

आणि मग एका सोमवारी सकाळी तो दुकानात आला. एरवी आला की आधी स्टूल ओढायचा. त्या दिवशी हात पाठीमागे घेऊन उभाच राहिला.

"चिमे, हा घे."

फ्लॅनेलच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"काय आहे?"

"चाकू. दुसरं काय असणार?"

"तू केलेला?"

"नाही, स्वित्झर्लंडहून चालत आला."

आत्याने फडकं सोडलं. तळहाताएवढा चाकू. मूठ फिकट लाकडाची. दादाने आपल्या जुन्या कानशींच्या मुठी कापून केली होती, वर्षानुवर्षं त्याचा हात फिरून गुळगुळीत झालेलं लाकूड. पात्यावर नाव नाही, नक्षी नाही. नखासाठी एक खाच तेवढी.

"दुसऱ्यांना लावतेस तीच परीक्षा लाव," दादा म्हणाला. "भाऊ म्हणून सूट नको."

"तुला सूट दिली होती कधी?"

"आणि ऐक. तू पास केलास तर महिनाअखेरीला मी मुलाकडे जाणार. कायमचा. त्याला कळवून टाकलंय तसं. चांगला चाकू झाला की येतो, असा शब्द दिला होता मी. आता चांगला झाला की नाही ते तू ठरवायचंस. माझं मला कळेनासं झालंय."

"आणि नापास केला तर?"

"तर दुसरा करीन. शब्द म्हणजे शब्द."

एवढं बोलून तो स्टुलाकडे न बघता निघून गेला. आत्या चाकू हातात धरून उभी राहिली. मग तिने तो उघडला. टक् असा नीट, स्वच्छ आवाज झाला. तिला तो आवाज अजिबात आवडला नाही, कारण तो फार चांगला होता.

त्या पंधरवड्यात आत्याने दादाच्या चाकूचे जे हाल केले, ते जावयाचेही केले नव्हते. साबणाच्या हाताने उघडला, तेलाच्या हाताने उघडला. नळाखाली रात्रभर ओला ठेवला आणि सकाळी चष्मा लावून डाग शोधत बसली. पोलाद न गंजणारं होतं, डाग नव्हता. जाड पुठ्ठ्याची खोकी फाडली. नायलॉनची दोरी कापली, मग पुन्हा कापली, मग कापलेले तुकडे कापले. धार उतरेना. एकदा चाकू काउंटरवरून फरशीवर पडला. तिने उचलून पाहिला, टोक शाबूत. मग तिने इकडे तिकडे बघितलं, आणि तो पुन्हा एकदा पडला.

नेमकी तेव्हाच पाववाली शेजारून गरम पाव घेऊन आत येत होती. ती पावाच्या दुकानाची मालकीण, जीभ तिच्या सुरीहून लांब. दारातच थबकली.

"काय गं आत्या? हा चाकू आहे की आरोपी?"

"परीक्षा चालू आहे."

"मग तो जर्मनीचा आला होता, त्याला तर मांडीवर घेऊन फिरत होतीस. भावाच्याच जिवावर उठलीयेस का?"

"भाऊ म्हणून सूट नाही," आत्या म्हणाली आणि पाव कापू लागली. पावाची कडक पाठ चिरली गेली, आतला मऊ भाग दबला नाही, काउंटरवर भुगाही पडला नाही. पाववालीने तुकडा उचलून उजेडात धरला.

"माझी सुरी असं कापत नाही," ती म्हणाली. "दादांना म्हणावं, मला एक करून द्या."

"तो चाललाय मुलाकडे."

"अगंबाई! कधी?"

"हा पास झाला तर."

पाववालीने चाकूकडे पाहिलं, मग आत्याच्या तोंडाकडे पाहिलं. ती वीस वर्षांपासूनची शेजारीण, तिला फार सांगावं लागत नसे. "अस्सं," ती म्हणाली, आणि बोलायला एवढं हाती लागलेलं असताना, आयुष्यात पहिल्यांदाच, काही न बोलता गेली.

त्याच आठवड्यात भाच्याचा फोन आला. "आत्या, बाबांची खोली रंगवून घेतली. फिकट निळी. आवडेल ना त्यांना?"

"आवडेल."

"लेथला मात्र जागा नाही गं. पण खाली बाग आहे, बाकं आहेत. त्यांच्या वयाची बरीच माणसं बसतात संध्याकाळी."

आत्याच्या डोळ्यांपुढे दादा बाकावर बसलेला आला. हातात कानस नाही, शेजारी भांडायला कोणी नाही, फक्त त्याच्या वयाची बरीच माणसं. "चांगलं आहे," ती म्हणाली.

"चाकूचं काय झालं? बाबा तर म्हणतात, सगळं तुझ्या हातात."

"अजून टोमॅटो व्हायचाय," आत्या म्हणाली, आणि गिऱ्हाईक आल्याचं सांगून तिने फोन ठेवला.

गिऱ्हाईक खरंच आलं होतं. तोच माळी. आता केस पांढरे झाले होते, पण बोटं अजून तशीच जाड आणि मातीने भरलेली. त्याची नजर काउंटरवरच्या फिकट मुठीकडे गेली.

"हा नवा कुठला, आत्या? कुठल्या देशाचा?"

"परीक्षेत आहे अजून."

"दिसतो तर झकास. कसा आहे?"

आणि आत्याच्या तोंडून निघून गेलं, "खाच उथळ आहे. नख बसत नाही."

माळ्याने चाकू उचलला. अंगठ्याचं नख खाचेत टाकलं, ते मातीने भरलेलं, अर्धं तुटलेलं नख, आणि चाकू टक् करून उघडला. त्याने बंद केला. पुन्हा उघडला.

"कुठे उथळ आहे?" तो म्हणाला. कुरापत नव्हती त्यात, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. "माझ्यासारख्याचं नख बसतंय म्हणजे कोणाचंही बसेल की. दुसऱ्या कुठल्या चाकूचं म्हणताय का तुम्ही?"

आत्याचे कान गरम झाले. तिने काउंटर पुसायला घेतला, जो सकाळपासून स्वच्छ होता. त्या काउंटरवरून इतक्या वर्षांत एकही खोटा निकाल गेला नव्हता, आणि पहिला गेला तो असा: जागच्या जागी पकडला जाणारा, आणि तोही आपल्याच भावाच्या चाकूचा. नवऱ्याचं "एक नंबर" त्यापेक्षा बरं होतं. त्यात निदान कोणाचं वाईट तरी होत नव्हतं.

"माझीच चूक," ती म्हणाली. "खाच चांगली आहे."

माळी गेल्यावर तिने पंधरवडा संपायची वाट पाहिली नाही. टोपलीतला सर्वांत मऊ, सालीला सुरकुत्या पडू लागलेला टोमॅटो काढला, फळीवर ठेवला आणि दादाचा चाकू त्यावर नुसता टेकवला. दाब दिला नाही. टोमॅटोच्या चकत्या अशा पडल्या की जणू टोमॅटोला कळलंच नाही. आत्या स्टुलावर बसली आणि त्या चकत्या मीठ लावून एकेक करून खाऊन टाकल्या. त्या वेळी तिच्या डोळ्यांना पाणी आलं असेल तर ते टोमॅटोमुळे नक्कीच नव्हतं, आणि कांदा तर दुकानात नव्हताच.

पंधरवडा संपला त्या सकाळी दादा दुकान उघडण्याआधीच दाराशी उभा. दाढी घोटलेली, शर्ट इस्त्रीचा, जणू मुलाखतीला आलाय. आत्याने कुलूप काढलं, दिवे लावले, शोकेसवरून फडकं फिरवलं. दादाने या वेळी स्टूल ओढलं, पण बसला तो कडेवर.

आत्याने चाकू त्याच्यापुढे ठेवला.

"पास," ती म्हणाली.

दादा चाकूकडेच बघत होता.

"ऐकलंस का? पास झाला. चांगला झालाय."

"हं," दादा म्हणाला. त्याने चाकू उचलला, उलटसुलट केला. पोराने परीक्षेत पहिला नंबर काढल्यावर बापाचा चेहरा जसा व्हायला हवा, तसा त्याचा चेहरा मुळीच झाला नव्हता. "नातं कुठलं लिहिलंस?"

"नातं नाही लिहिलं. नुसतं 'चांगला' लिहिलंय."

"आजवर कोणाला लिहिलं नव्हतंस ते."

"आजवर कोणी तसा आला नव्हता."

दादाने मान हलवली. मग घसा साफ केला. "नीट पाहिलंस ना पण? ओल्या हाताने?"

"पाहिलं. साबणाच्या हातानेसुद्धा."

"तेलकट?"

"तेलकट."

"बंद होताना बोट?"

"बोटं सगळी जागेवर आहेत. हे बघ."

"खिशात टोचत असेल."

"स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी लागली मला, तरी टोचला नाही."

"तापवून पाणी देताना पातं जरा जास्त कडक झालंय असं मला वाटत होतं. पडला तर टोक उडेल त्याचं."

"दोनदा पडलाय."

"दोनदा?"

"एकदा पडला. एकदा पाडला."

दादाने पात्याचं टोक निरखून पाहिलं. बाहेर पाववालीने दुकानाची फळकुटं काढल्याचा आवाज आला. मग दादा एकदम सरळ होऊन बसला. "आणि डाव्या हाताने? डाव्या हाताने पाहिलंस?"

आत्या थांबली. डाव्या हाताने तिने कधीच कुठला चाकू पाहिला नव्हता. तिने दादाचा चाकू डाव्या हातात घेतला. खाच पलीकडच्या बाजूला गेली. अंगठा तिथे पोहोचेना. पोहोचला तर मूठ हातातून वळायला लागली. तिने दोनदा खटपट केली आणि चाकू काउंटरवर ठेवला.

दादाचा चेहरा असा उजळला की दुकानातला दिवा फिका पडावा. "नाही उघडत! बघ, बघ! मी म्हणत नव्हतो? जगात डावखुरी माणसं काय थोडी आहेत? त्यांनी काय करायचं, दातांनी उघडायचा? नापास! सरळसरळ नापास! दोन्ही बाजूंना खाच हवी, म्हणजे पातं थोडं जाड घ्यावं लागेल, म्हणजे स्प्रिंग पण..." तो बोटांनी हवेत पातं आखायला लागला.

होकार द्यायचा मोह आत्याला झाला नाही असं नाही. नुसतं "हो रे" म्हटलं की काम झालं होतं. ती शोकेसकडे गेली, काच सरकवली आणि चाकू बाहेर काढू लागली. थोरली वहिनी. व्याही. रुसका भाचा. आतेभाऊ. सासरे. सगळ्यांची रांग दादापुढे लागली.

"यातला कुठला उघडतो डाव्या हाताने? उघड."

दादाने सासऱ्यांना हात घातला, मग सोडून दिला. त्याला न बघताही माहीत होतं.

"या गोष्टीवरून मी कोणाला नापास केलेलं नाही," आत्या म्हणाली, "मग तुला कशी करू? भाऊ म्हणून सूट नको म्हणाला होतास ना? ही उलट्या बाजूने सूटच झाली."

"तूच नेमकी हरिश्चंद्राची अवलाद," दादा पुटपुटला.

"नाही रे." ती त्याच्या समोरच्या खोक्यावर बसली. "परवा माळ्याला मी सांगितलं की याची खाच उथळ आहे. धडधडीत खोटं. त्याने लगेच उघडून दाखवला. पंधरवडाभर मी या चाकूत खोट शोधत होते, दादा. फरशीवर आपटला, नळाखाली ठेवला. त्याच्यात नाही सापडली, म्हणून पदरची घातली. का, ते तुला कळत नसेल तर लोक तुला उगाच हुशार म्हणतात."

दादा तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे मी जाऊ नये असं तुला वाटत होतं?"

"मला काय वाटतं ते सोड. तुला जायचंय का?"

"त्याने खोली रंगवलीय."

"मी रंग नाही विचारला."

दादाने सासऱ्यांचं पातं अर्धं उघडलं, मिटलं. "सून फार चांगली आहे गं," तो म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे. मी पेनाने कोडं चुकीचं भरलं तर ती म्हणेल, राहू द्या बाबा, छान भरलंय. सकाळी उठून करायचं काय, तर चांगलं वागायचं. संध्याकाळी काय, तर बाकावर बसून चांगलं वागायचं. मी शेडमध्ये गेलो, कानस हातात घेतली की मला कोणी चांगलं म्हणत नाही, मी कोणाला म्हणत नाही. वेळ कसा जातो ते कळत नाही." तो थांबला. "पण पोराला कसं सांगू? त्याला वाटेल, बापाला आपण नकोसे झालो. म्हणून म्हटलं, चाकू नापास झाला तर आपोआपच..."

"आणि दुसरा झाला असता, मग तिसरा. चाकूने किती वर्षं तुझ्या वतीने बोलायचं?"

"शब्द दिलाय मी त्याला."

"चाकू करीन म्हणालास, चाकू केलास. शब्द पाळून झाला. आता जायचं नसेल तर ते चाकूच्या आडून सांगायचं नाही. तोंड आहे देवाने दिलेलं, मला टोमणे मारताना बरं चालतं." आत्याने काउंटरवरचा फोन त्याच्याकडे सरकवला. "लाव."

"आत्ता?"

"तो ऑफिसला निघायच्या आत."

दादाने नंबर लावला. आत्या उठली आणि पाठ करून नातेवाईकांना पुन्हा शोकेसमध्ये लावू लागली. पण काच तिने मुद्दाम सरकवली नाही, आवाज होतो म्हणून. फोनवरचं पोराचं बोलणं तसंही दुकानभर ऐकू येत होतं. लहानपणापासून त्याचा आवाज तसाच, काउंटरवर बसून ओरडायची सवय.

"बाबा! काय झालं? आत्याने नापास केला ना?"

"नाही रे. पास केला."

"काय सांगता! अरे वा! मग कधीची तिकिटं काढू?"

दादाने आत्याच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही. मदत मिळणार नाही हे त्याला कळलं.

"नको काढूस," तो म्हणाला. "मला यायचं नाहीये."

 आत्याच्या हातातले व्याही तसेच हवेत राहिले.

"तुझ्याकडचं काही नाही त्यात," दादा घाईने म्हणाला. "खोलीचं नाही, सूनबाईचं नाही. मला इथे बरं वाटतं. एवढंच. हे मी वर्षापूर्वीच सांगायला हवं होतं, पण तुला वाईट वाटेल म्हणून मी चाकूचं काढत होतो."

"बाबा," पोरगा हळूच म्हणाला, आणि त्याचा हळू आवाजही दारापर्यंत गेला, "वाईट तर वाटतंय. पण मला वाटायचं, तुम्हाला यायचंय, फक्त चाकूमुळे अडलंय. म्हणून मी मागे लागत होतो. खोलीचं काय करू आता?"

"सुट्टीला येईन की. पाहुण्याला बरी खोली लागतेच."

"किती दिवस?"

"आठ. फार तर दहा. त्याच्यावर मी चांगला राहू शकत नाही."

पलीकडे हसू फुटलं. मग सूनबाई फोनवर आली, मग पुन्हा मुलगा, औषधं वेळेवर घ्या, जिना उतरताना दिवा लावा, आणि आत्याला सांगा की तिने लक्ष ठेवायचं. "ती ठेवतेच आहे," दादा म्हणाला, "फरशीवर आपटून बघते." आणि फोन ठेवला.

आत्याने आता मोठा आवाज करून काच सरकवली. वळून बघते तर दादा फोनकडे टक लावून बसलेला, कपाळाला आठ्या.

"काय झालं?"

"चिडला नाही," दादा म्हणाला. त्याचा स्वर थोडा दुखावल्यासारखा होता. "थोडा तरी चिडायला हवा होता."

"चिडेल रे. संध्याकाळी बायकोपाशी चिडेल. रविवारी मला फोन करून चिडेल. मुलांना वेळ लागतो."

"असं म्हणतेस?" दादाला बरं वाटलं. तो स्टुलावर आता पूर्ण बसला, पाय पसरून. तेवढ्यात पाववाली दाराआडून डोकावली. इतका वेळ ती आपल्याच दुकानात होती असं तिचं म्हणणं होतं, पण हाताला पीठ नव्हतं.

"दादा, मग माझ्या सुरीचं कधी बघताय?" ती म्हणाली. "आणि आधीच सांगते, मी डावखुरी आहे."